ध्वजस्तंभाभोवतीची रांगोळी

१४ ऑगस्टच्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत डोकावलं, तर आवारात एक तालीम चाललेली दिसते. शाळेचे शिपाई किंवा खेळाचे सर ध्वजस्तंभापाशी उभे असतात. पावसानं दोरी फुगलेली असते, वरची कप्पी कुरकुरत असते. तिला तेल दिलं जातं. मग ध्वजाची घडी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या आणि दोरी अशी बांधायची की सकाळी प्रमुख पाहुण्यांनी एक झटका दिला की गाठ सुटावी. सुरगाठच हवी, निरगाठ बसली तर साऱ्या गावासमोर खोळंबा. केशरी पट्टा वर आहे ना, हे दोन-दोनदा पाहिलं जातं. ध्वज उलटा फडकला तर चौकशी लागते, कधी निलंबनही होतं आणि गावात त्याची चर्चा वर्षभर चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली चौथऱ्याभोवती रांगोळी काढतात. मैदानावर चुन्याच्या रेघा आखलेल्या असतात. प्रभातफेरी गावभर फिरून परत येते. टेबलावर महापुरुषांच्या तसबिरी मांडून त्यांना हार घातले जातात, उदबत्ती लागते, नारळ फुटतो. पुष्कळ जण चपला बाजूला काढून उभे राहतात. मग दोरी ओढली जाते, गाठ सुटते, पाकळ्या खाली येतात आणि पुढची बावन्न सेकंदं कुणी हलत नाही.

पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची परवानगी आहे. रांगोळी, उदबत्ती, नारळ, अनवाणी पाय यांतलं काहीही सरकारनं सांगितलेलं नाही. लोकांनी ते आपणहून आणलं, आणि आणलं ते घरच्या देव्हाऱ्यातून. जे पवित्र आहे त्याच्यापुढे कसं उभं राहायचं, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. देशापुढेही ते तसेच उभे राहिले.

देशभक्तीच्या या रूपाला समाजशास्त्रात ‘नागरी धर्म’ म्हणतात. कुठल्याही पंथाचा नसलेला, पण धर्माची बहुतेक लक्षणं अंगी असलेला असा हा धर्म आहे. त्याला पूज्य चिन्हं असतात, सण असतात, स्तोत्रं असतात, तीर्थक्षेत्रं असतात, संत आणि हुतात्मे असतात. आणि जगातल्या बहुतेक धर्मांप्रमाणे त्यालाही एक अवघड प्रश्न सोडवावा लागतो: जो सगळ्यांसोबत हात जोडत नाही, त्याचं काय करायचं?

शब्दांतच दडलेला यज्ञ

मराठी भाषेनं हा धर्म फार पूर्वीच ओळखला होता. झेंड्याला आपण वंदन करतो. ‘ध्वजवंदन’ हा शब्द उच्चारताना त्यातलं वंदन वेगळं जाणवतही नाही. स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांनी प्राणांची ‘आहुती’ दिली, ‘बलिदान’ केलं असं शाळेतलं मूलही सहज लिहितं. ‘हुतात्मा’ हा शब्द तर थेट यज्ञकुंडापाशी नेतो. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. ज्यानं स्वतःलाच अर्पण केलं तो हुतात्मा. सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांत त्याची गणना होते. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा परिसर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर हुतात्मा चौक झाला, तेव्हा एका गजबजलेल्या व्यापारी चौकाला तीर्थाचा दर्जा मिळाला.

नंदुरबारमध्ये असंच एक ठिकाण आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘चले जाव’ आंदोलनाच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. हातात तिरंगा घेतलेला शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात मारले गेले. आज तिथं त्यांचं स्मारक आहे. शिरीषकुमारच्या हातात होती ती एक काठी आणि तिला बांधलेलं कापड. ते खाली टाकून तो पळाला असता तर कदाचित वाचला असता. त्यानं ते टाकलं नाही, हे कळल्यावर कुणाही माणसाचा गळा भरून येतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक ग्रंथात नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं. सैनिक झेंड्यासाठी जीव देतो तेव्हा तो खरं तर देशासाठी मरतो. पण त्या क्षणी त्याच्या मनात झेंडाच असतो. झेंडा हे चिन्ह आहे याचा विसर पडतो आणि चिन्हच पवित्र होऊन बसतं. दुर्खीम यांच्या मते धर्माचा उगमही असाच झाला. समूहाला आपल्या एकत्र असण्याची जी ताकद जाणवते, ती कुठल्या तरी दिसणाऱ्या वस्तूत ओतली जाते आणि मग ती वस्तू साधी राहत नाही.

तिरंग्याचं साधेपण कुठे संपतं, हे तो बनतो तिथं जाऊन पाहता येतं. भारतीय मानकांच्या यादीतलं पहिलंच मानक, आय.एस. १, हे राष्ट्रध्वजाचं आहे. सूत, विणीची घनता, रंगाची छटा, शिलाई, दोरी या सगळ्यांची मापं त्यात ठरलेली आहेत. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, आणि आकार नऊ: २१ फूट लांब आणि १४ फूट रुंद अशा भल्याथोरल्या ध्वजापासून टेबलावर ठेवायच्या वीतभर ध्वजापर्यंत. धारवाडजवळच्या गरगसारख्या गावांत ध्वजाची खादी विणली जाते आणि हुबळीच्या बेंगेरी भागातल्या केंद्रात तिचे ध्वज होतात. तिथं काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. अशोकचक्र पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना छापावं लागतं आणि दोन्हीकडच्या चोवीस आऱ्या एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागतात. एखादी आरी केसभर सरकली तरी तो तुकडा नापास. २०२१ च्या अखेरीस ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावर बनलेल्या, पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. तेव्हा खादीच्या या कारागिरांना वाईट वाटलं, त्यात पोटाचा प्रश्न होताच. पण मूर्ती घडवणाऱ्याला साचा पाहून वाटतं तसंही काही त्यात होतं.

ध्वज जीर्ण झाला की काय करायचं, तेही संहितेत लिहिलेलं आहे. तो संपूर्णच्या संपूर्ण नष्ट करायचा, एकांतात, शक्यतो जाळून. अमेरिकेच्या ध्वजसंहितेतही जवळपास हेच आहे. चौकात ध्वज जाळणं हा भारतात १९७१ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेला गुन्हा, आणि श्रद्धेनं, आडोशाला जाळणं हा त्याचा अंत्यसंस्कार. कापड तेच, आग तीच. मधे फरक आहे तो फक्त भावाचा, आणि इतक्या बारीक भावभेदावर उभा राहणारा व्यवहार धर्माशिवाय दुसरीकडे क्वचितच सापडतो.

रूसोचं शेवटाकडचं प्रकरण

‘नागरी धर्म’ हे नाव रूसोचं. १७६२ च्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथाच्या अखेरीला त्यानं या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. माणसं केवळ कायद्याच्या धाकानं एकत्र राहत नाहीत, त्यांना एकमेकांशी बांधणारी काही सामायिक श्रद्धा लागते, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्यानं मोजकीच तत्त्वं सुचवली: परमेश्वर आहे, मृत्यूनंतर न्याय होतो, समाजाचा करार आणि कायदे पवित्र आहेत, आणि एक निषेधही, की असहिष्णुता चालणार नाही. पण त्याच प्रकरणात पुढे तो म्हणतो की ही तत्त्वं न मानणाऱ्याला राज्यानं हद्दपार करावं, आणि जाहीरपणे मान्य करून नंतर त्यांच्याविरुद्ध वागणाऱ्याला मृत्युदंड द्यावा. असहिष्णुतेला मनाई आणि न मानणाऱ्याला हद्दपारी, दोन्ही एकाच लेखणीतून उतरलं. पुढच्या अडीचशे वर्षांतली सगळी ओढाताण त्या काही पानांत आधीच मांडून ठेवली आहे.

तीस वर्षांनी फ्रान्समध्ये हे प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न झाला. ८ जून १७९४ रोजी पॅरिसमध्ये रोबेस्पिएरच्या पुढाकारानं ‘परमतत्त्वाचा उत्सव’ साजरा झाला. चित्रकार दाविदनं त्याची आखणी केली. निरीश्वरवादाचा पुतळा जाळण्यात आला, मैदानात एक कृत्रिम डोंगर उभारला गेला, गाणी झाली, फुलं उधळली गेली. त्याच दिवसांत गिलोटिनही चालू होतं. बरोबर पन्नास दिवसांनी, २८ जुलैला, खुद्द रोबेस्पिएरचं डोकं त्याखाली गेलं. वरून हुकूम काढून बसवलेला तो पंथ त्याच्याबरोबरच संपला.

घुमटावरचा वॉशिंग्टन

या कल्पनेला आधुनिक काळात पुन्हा उजाळा दिला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी. १९६७ मध्ये त्यांनी ‘अमेरिकेतला नागरी धर्म’ हा निबंध लिहिला. सुरुवात केली ती केनेडींच्या १९६१ च्या शपथविधीच्या भाषणापासून. केनेडी कॅथलिक होते, पण त्या भाषणातला ईश्वर कुठल्याच चर्चचा नव्हता. तो अमेरिकेचा ईश्वर होता. बेला यांनी दाखवून दिलं की चर्चच्या शेजारी, त्याच्याशी भांडण न काढता, तिथं आणखी एक धर्म नांदतो आहे.

त्याच्या खुणा वॉशिंग्टन शहरात जागोजागी आहेत. संसदेच्या इमारतीत उभं राहून मान वर केली की घुमटाच्या आतल्या बाजूला १८६५ मध्ये रंगवलेलं प्रचंड चित्र दिसतं. त्यात जॉर्ज वॉशिंग्टन ढगांवर बसला आहे आणि दोन्ही बाजूंना स्वातंत्र्य आणि विजय या देवता आहेत. चित्रकार कॉन्स्टँटिनो ब्रुमिडी इटलीहून आलेला. त्याआधी त्यानं व्हॅटिकनमध्ये काम केलं होतं. संत रंगवणाऱ्या हातानं राष्ट्राध्यक्षाला स्वर्गात बसवलं. १९२२ मध्ये खुलं झालेलं लिंकन स्मारक ग्रीक देवळाच्या धर्तीवर बांधलं आहे, आणि लिंकनच्या पुतळ्यामागच्या लेखातही त्या वास्तूचा उल्लेख मंदिर असाच आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना यांच्या मूळ प्रती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या गोल दालनात काचेखाली ठेवलेल्या आहेत. लोक रांगेनं येतात आणि तिथं आपोआप हळू आवाजात बोलतात.

अमेरिकेतल्या शाळांत रोज सकाळी झेंड्यापुढे निष्ठेची शपथ म्हटली जाते. ती लिहिली फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकानं, १८९२ मध्ये, कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं झाली त्या निमित्तानं. मुलांच्या ज्या साप्ताहिकात ती छापून आली, ते साप्ताहिक शाळांना झेंडेही विकत असे. शपथ म्हणताना हात झेंड्याकडे लांब करायचा, अशी सुरुवातीची पद्धत होती. पुढे हिटलरचे अनुयायी तसाच हात करू लागले, तेव्हा १९४२ मध्ये ती बदलून हात छातीवर ठेवायचं ठरलं. शपथेत ईश्वराचा उल्लेख आला तो १९५४ मध्ये, कम्युनिस्ट रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात असताना.

महाराष्ट्रातल्या मुलांनाही या रोजच्या पाठाची सवय आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेली प्रतिज्ञा न अडखळता म्हणता येत नाही असा मराठी शाळेत शिकलेला माणूस विरळा. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ मध्ये, आणि तिचे कर्ते होते पैडिमर्री वेंकट सुब्बाराव. कोट्यवधी मुलांच्या ओठी शब्द गेले आणि लिहिणाऱ्याचं नाव मागे राहिलं. पुष्कळ लोकगीतांचं आणि आरत्यांचंही असंच होतं.

भारतमातेची अनेक रूपं

भारतात देशभक्ती आणि पूजा यांचं नातं योजनापूर्वक जोडलं गेलं. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. सभेला परवानगी मिळवणं अवघड होतं. आरतीला कोण अडवणार? लोकांच्या मनात जिथं आधीच पाणी होतं तिथं त्यांनी पाट काढून दिला. बंगालमध्ये १९०५ च्या फाळणीच्या दिवसांत अवनींद्रनाथ ठाकूर यांनी भारतमातेचं चित्र काढलं. भगव्या वस्त्रातली, चार हातांची, शांत मुद्रेची तरुणी. हातांत शस्त्र नाही. पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ आणि शुभ्र वस्त्र आहे. विद्या, अन्न, साधना आणि वस्त्र, एवढंच तिच्याकडे मागायचं.

पण देवीचं रूप आलं की प्रश्नही येतो. ज्यांच्या धर्मात मूर्तिपूजा नाही त्यांनी काय करायचं? ‘वंदे मातरम्’बाबत हा प्रश्न उघडपणे उभा राहिला. १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीनं, रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन, सभांत त्याची पहिली दोन कडवीच गावीत असं ठरवलं. पुढच्या कडव्यांत दुर्गेचं आवाहन आहे. त्याच्या एक वर्ष आधी, १९३६ मध्ये, काशीत एक वेगळं उत्तर दगडात कोरलं गेलं होतं. शिवप्रसाद गुप्त यांनी काशी विद्यापीठाच्या आवारात बांधलेल्या भारतमाता मंदिराचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं. गाभाऱ्यात मूर्ती नाही. तिथं संगमरवरात घडवलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे. पर्वत, नद्या, पठारं, समुद्र. हरिजनांसह सर्व जाती-धर्मांच्या लोकांना हे स्थान आपलं वाटावं, अशी आशा गांधीजींनी त्या वेळी बोलून दाखवली.

मराठवाड्यात दौलताबादच्या किल्ल्यात तिसरंच दृश्य दिसतं. तिथल्या मध्ययुगीन जामा मशिदीच्या वास्तूत आज भारतमातेची मूर्ती आहे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, त्यानंतर ती बसवली गेली. रझाकारांचा काळ भोगलेल्या मराठवाड्याच्या मनात त्या मूर्तीला एक अर्थ आहे, आणि ज्यांचे पूर्वज तिथं नमाज पढले असतील त्यांच्या मनात दुसरा. काशीचा नकाशा आणि दौलताबादची मूर्ती दोन्ही एकाच मातेच्या नावानं आहेत. नागरी धर्म सगळ्यांचा व्हावा असं वाटत असेल, तर या दोन दारांतून आत जाताना कोणाकोणाला मान खाली घालावी लागते, हे मोकळेपणानं बोलायला हवं.

रवींद्रनाथांनी या प्रश्नाचा विचार सर्वांत खोलवर केला. १९१६ च्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीत संदीप हा स्वदेशीचा तडफदार पुढारी देशाला देवी मानतो. जमीनदार निखिल देशाची सेवा करतो, पण पूजा करायला तयार नाही, कारण पूजेचा अधिकार देशाहून मोठ्या असलेल्या न्यायाचा आहे असं तो मानतो. ज्यांची रचना २४ जानेवारी १९५० रोजी भारताचं राष्ट्रगीत झाली, त्यांनीच हा निखिल लिहिला, हे विसरून चालत नाही.

न गाणारी मुलं

१९३५ च्या शरदात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, माइनर्सव्हिल या खाणकामगारांच्या गावात, बारा वर्षांची लिलियन गोबायटस आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ विल्यम यांनी शाळेत झेंड्याला सलाम करायचं थांबवलं. त्यांचं कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचं. देवाशिवाय कशालाही वंदन करायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. शाळेनं दोघांना काढून टाकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३ जून १९४० रोजी निकाल लागला तेव्हा युरोपात हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या होत्या. आठ विरुद्ध एक मतानं न्यायालयानं शाळेची बाजू उचलून धरली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर स्वतः व्हिएन्नात जन्मलेले ज्यू स्थलांतरित होते. राष्ट्रीय ऐक्याशिवाय सुरक्षितता नाही, असा त्यांचा मनापासूनचा विचार होता.

निकालाचा अर्थ रस्त्यावर फार लवकर लावला गेला. पुढच्या काही आठवड्यांत ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांना मारहाण झाली. मेन राज्यातल्या केनेबंक गावात त्यांचं प्रार्थनागृह पेटवून देण्यात आलं. त्याच सुमारास जर्मनीत याच पंथाची माणसं हिटलरला सलाम करत नाहीत म्हणून छळछावण्यांत होती आणि त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण शिवलेला होता.

न्यायमूर्तींच्या मनालाही हे लागलं असावं. बहुमतातल्या तिघांनी १९४२ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात आपली चूक झाल्याचं जाहीर लिहिलं. मग वेस्ट व्हर्जिनियातल्या गॅथी आणि मेरी बार्नेट या शाळकरी बहिणींचा खटला न्यायालयासमोर आला. १४ जून १९४३ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजदिनीच, महायुद्ध ऐन भरात असताना न्यायालयानं आपला तीन वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की राजकारणात, राष्ट्रभावनेत किंवा धर्मात काय मानायचं हे कुठलाही लहानमोठा अधिकारी ठरवून देऊ शकत नाही, आणि मतभेद जबरदस्तीनं मिटवायला निघालेल्यांच्या हाती शेवटी स्मशानातली एकवाक्यताच लागते. हेच जॅक्सन दोन वर्षांनी न्युरेंबर्गला नाझी नेत्यांविरुद्ध अमेरिकेचे मुख्य वकील म्हणून उभे राहिले. दोन्ही खटल्यांच्या नोंदीत मुलांची आडनावं चुकीची लिहिली गेली. ती आजही कायद्याच्या पुस्तकांत तशीच आहेत.

चाळीस वर्षांनी तोच प्रश्न केरळात, कोट्टायम जिल्ह्यातल्या किडंगूर गावी आला. बिजो, बिनू मोल आणि बिंदू ही इमॅन्युएल कुटुंबातली तीन भावंडं अनुक्रमे दहावीत, नववीत आणि पाचवीत होती. याच पंथाची. शाळेत रोज ‘जन गण मन’ सुरू झालं की ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या मोठ्या बहिणीही याच शाळेत शिकल्या होत्या. त्याही गात नसत आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. जुलै १९८५ मध्ये एका आमदारांच्या ते लक्षात आलं. विधानसभेत प्रश्न विचारला गेला, चौकशी आयोग नेमला गेला. मुलं शिस्तीची आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा कधीच अनादर केलेला नाही, असं आयोगानं सांगितलं. तरीही २६ जुलै रोजी त्यांना शाळेतून काढण्यात आलं.

केरळ उच्च न्यायालयानं राष्ट्रगीताचा शब्द अन् शब्द तपासला आणि यात कुणाच्या धर्माला बाधेल असं काही नाही, असं म्हणून दाद नाकारली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांनी प्रश्नच वेगळा विचारला. ती श्रद्धा न्यायाधीशांना पटते का, याला महत्त्व नाही. ती मुलांची खरोखरची श्रद्धा आहे का, एवढंच पाहायचं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या चार दिवस आधी, निकाल आला: राष्ट्रगीत सुरू असताना उभं राहणं हा आदर आहे, गायलाच हवं असं कुठलाही कायदा सांगत नाही, मुलांना परत शाळेत घ्या. अमेरिकेतल्या त्या बहिणींच्या खटल्याचाही दाखला निकालात आहे. आपली परंपरा, आपलं तत्त्वज्ञान आणि आपली राज्यघटना तिन्ही सहिष्णुता शिकवतात, ती पातळ होऊ देऊ नका, अशा आशयाच्या शब्दांनी तो संपतो.

या निकालाची आठवण तीस वर्षांनी पुन्हा काढावी लागली. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत वाजत होतंच. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं ते देशभर सक्तीचं झालं. त्याच्या काही आठवडे आधीच पणजीतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये, मणक्याच्या दुखापतीमुळे उभं राहू न शकणाऱ्या एका लेखकाला, तो उठला नाही म्हणून प्रेक्षकांपैकी कुणीतरी मारलं होतं. मारणाऱ्याला वाटलं असेल की आपण देशासाठी काही केलं. अंधारात त्याला समोरच्या माणसाचे पाय दिसले नाहीत. ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयानं आपला आदेश बदलला आणि राष्ट्रगीत वाजवणं चित्रपटगृहांच्या इच्छेवर सोपवलं.

विठ्ठलाशी भांडणारे

म्हणून देशभक्तीतला हा धर्मभाव टाकून द्यावा का? तसं करता येणार नाही आणि करूही नये. शिरीषकुमारच्या मुठीत जे होतं ते निव्वळ कराराच्या कलमांतून येत नाही. रेल्वेच्या डब्यात एकमेकांची भाषा न समजणारी माणसं एकाच देशाची वाटतात, भूकंपानंतर किल्लारीला दूरदूरच्या राज्यांतून मदत येते, यामागे काहीतरी पवित्र सामायिक असल्याची जाणीव असते. प्रश्न आहे तो या धर्मात कुठल्या प्रकारच्या भक्ताला जागा आहे याचा.

महाराष्ट्राला भक्तीचा एक फार मोकळा प्रकार ठाऊक आहे. जनाबाई विठ्ठलावर रागावते, त्याला खडे बोल सुनावते. तुकोबा त्याच्याशी हिशेब मागावा तसं भांडतात. चोखोबा दाराबाहेर उभे राहून आत का येऊ देत नाही म्हणून विचारतात. यांतल्या कुणालाही वारकऱ्यांनी विठ्ठलद्रोही म्हटलं नाही; उलट त्यांनाच संत मानलं. रॉबर्ट बेलाही अमेरिकेबद्दल वेगळ्या शब्दांत हेच सांगत होते. नागरी धर्म म्हणजे राष्ट्राची पूजा नव्हे, राष्ट्राला त्याच्याहून मोठ्या सत्याच्या कसोटीवर तपासणं, असा त्यांचा आग्रह होता, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांनी तो धरला.

फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून पळून आलेला वक्ता. १८५२ मध्ये रोचेस्टर शहरात त्याला स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावलं. त्यानं समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना विचारलं की हा सण गुलामाचा कसा? भाषणाच्या शेवटी मात्र त्यानं राज्यघटनेवर आणि जाहीरनाम्यावर विश्वास व्यक्त केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावलं की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. राज्यघटनेचा मसुदा हाती असलेला माणूस आपल्याच कामाच्या पूर्ततेच्या आदल्या दिवशी हे बोलत होता.

आणि साने गुरुजी. त्यांनी लिहिलेली देशभक्तीची गीतं आजही प्रभातफेरीत म्हटली जातात. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, १ मे १९४७ रोजी, त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. मागणी होती विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं करण्याची. देश स्वतंत्र होतोय, आत्ताच हे कशाला, असं म्हणणारे होते. गुरुजींना मात्र वाटत होतं की चोखोबाचं दार बंद ठेवून उभारलेला झेंडा अर्ध्यावरच उभारलेला असेल. दहा दिवसांनी दार उघडायचं ठरलं, तेव्हाच त्यांनी उपोषण सोडलं. १५ ऑगस्टला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

शाळेच्या आवारात आता सगळे रांगेत उभे आहेत. पहिलीतली मुलं शब्द गिळत गाताहेत, सातवीतल्या मुली सूर धरून आहेत, एक आजोबा काठी बगलेत दाबून हात कपाळाशी नेऊन उभे आहेत. अंगणवाडीतलं एक पोर रांगोळीतली पाकळी उचलायला वाकलंय आणि बाईंनी त्याला हळूच जवळ ओढून घेतलंय. मधल्या ओळीत एक मुलगा गात नाही. हात बाजूला, नजर समोर, सरळ उभा आहे. त्याच्या शेजारची मुलगी त्याच्याकडे एकदा बघते, पुन्हा समोर बघते आणि पुढची ओळ म्हणू लागते.